लगेच फरक पडणारी ट्यूब

मेडिकलच्या काउंटरवर काही वस्तू लोक नावाने मागत नाहीत. जून लागला की त्यात आणखी एका वस्तूची भर पडते. माणूस आधी बाजूला उभा राहतो, बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत उगाच बिस्किटाचे पुडे बघतो, मग आवाज खाली आणून म्हणतो, "ताई, ती खाजेची ट्यूब द्या की." कुठली, म्हणून विचारलं तर, "ती हो, लगेच फरक पडणारी." बायका बहुतेक वेळा स्वतः येत नाहीत, पोराला पाठवतात. पोराच्या मुठीत रिकामी ट्यूब असते, शेपटाकडून गुंडाळत पार झाकणापर्यंत आणलेली. काही तर मधोमध कात्रीने कापून आतलं पुसून घेतलेल्या असतात. नाव वाचायचं तर ती गुंडाळी आधी उलगडावी लागते. आणि उलगडली की आत बहुधा तेच निघतं: क्लोबेटासोल हे स्टेरॉईड, जोडीला बुरशीवरचं एखादं औषध, एक अँटिबायोटिक, वर आणखी काहीतरी. चार औषधांची खिचडी.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आमचं मेडिकल आहे. डी. फार्म. करून लग्न होऊन इथे आले, तेव्हापासून मी काउंटरमागे उभी आहे. इथून गावाचं दुखणं ऋतूप्रमाणे दिसतं. पावसाळ्यात गजकर्ण, चिखल्या, केसतोडं, मधेच कधी डोळ्यांची साथ. साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडून हंगाम सुरू झाला की मग उसाची पात लागलेले डोळे. त्वचेची आणि डोळ्यांची ही दुखणी वरवर वेगळी दिसतात, पण दोन्हीकडे घोळ घालणारं औषध एकाच जातीचं आहे, स्टेरॉईड, म्हणून आज एकत्र लिहायला बसले.

आधी गजकर्ण. ही बुरशी आपल्या कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरावर जगते. त्या थरातलं केराटिन हे तिचं अन्न. एका जागी सुरू होते आणि बाहेरच्या बाजूने पसरत जाते, म्हणून ते गोल कडं दिसतं: कडेला लाल, उंच, खवले सुटणारं आणि मध्ये जरा साफ झालेलं. खाज आणि लाली बुरशी एकटी आणत नाही. तिला हुसकावायला शरीर जी खटपट करतं, तिचा त्यात मोठा वाटा असतो. क्लोबेटासोल हे अतिशय जोरकस स्टेरॉईड आहे आणि ते नेमकी ती खटपट बंद पाडतं. चोर घरात शिरलेला असताना भुंकणाऱ्या कुत्र्याला झोपेची गोळी घालावी, तसला प्रकार. दोन दिवसांत खाज गायब, लाली गायब. माणूस खूश. बुरशी त्याहून खूश. ट्यूब बंद केली की आठवड्याभरात सगळं दुपटीने परत येतं, मग पुन्हा ट्यूब.

असं महिनोन्‌महिने चाललं की ते गोल कडं गोल राहत नाही. कडा पुसट होतात, कड्यात कडं निघतं, मध्ये पुळ्या उठतात आणि बघणाऱ्या डॉक्टरलाही हे गजकर्ण की इसब असा प्रश्न पडतो. 1968 मध्ये दोन ब्रिटिश डॉक्टरांनी स्टेरॉईडमुळे वेश पालटलेल्या या गजकर्णाला टिनिया इन्कॉग्निटो असं नाव दिलं. म्हणजे ही गोष्ट काही काल-परवा कळलेली नाही. शिवाय कातडी पातळ होते ते वेगळंच. मांडीच्या आतल्या बाजूला, काखेत जांभळट लालसर चरे पडतात, बाळंतपणात पोटावर पडतात तसे, आणि ते जात नाहीत. कॉलेजची पोरं मोबाईलवर फोटो काढून आणतात आणि दाखवताना मान खाली घालतात. मला त्यांचं वाईट वाटतं आणि रागही येतो. राग त्यांचा नाही.

हीच ट्यूब काही मुली गोऱ्या होण्यासाठी तोंडाला लावतात. त्यावर लिहायला बसले तर हा लेख तिकडेच जाईल.

कायदा काय म्हणतो? 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉईड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत. ट्यूबवर तसं छापलेलंही असतं, इतक्या बारीक अक्षरात की मला चष्मा लावून वाचावं लागतं. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक शांतपणे म्हणतं, "बरं, मग पलीकडं बघतो." आणि पलीकडे मिळते. आता पलीकडच्या दुकानदाराला शिव्या घालून मोकळं होता येतं, पण त्या गिऱ्हाइकाच्या जागी उभं राहून बघा. तालुक्याला त्वचेचा डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो. त्याच्याकडे जायचं म्हणजे एक रोजगार बुडाला, फी गेली, गोळ्या आल्या आणि एवढं करून फरक पडायला पंधरा दिवस. ट्यूब शंभराच्या आतबाहेर मिळते आणि आज रात्री झोप लागते. खाजेने रात्र-रात्र जागलेल्या माणसाला पंधरा दिवसांचा हिशेब सांगणं सोपं नसतं. बरं, कधीकधी चिठ्ठी घेऊन येणाऱ्याच्या चिठ्ठीवरही हीच ट्यूब असते. तिथे मी काय करणार? शाई डॉक्टरची असते.

या सगळ्यात बुरशीही शहाणी झाली. पूर्वी बुरशीवरच्या टर्बिनाफिनच्या गोळ्या दोन आठवडे घेतल्या की काम व्हायचं. गेल्या दहा-बारा वर्षांत तीच गोळी महिना-महिना खाऊनही काही जणांना ढिम्म फरक पडत नाही. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी या नव्या बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव दिलं. ज्यांच्या अंगावरून ती घेतली होती ते रुग्ण भारत आणि नेपाळचे होते, म्हणून नावात आपला देश आला. टर्बिनाफिन ज्या एन्झाइमवर घाव घालतं, त्याच्याच जनुकात या बुरशीने फरक करून घेतला आहे. 2023 मध्ये ती न्यूयॉर्कमधल्या रुग्णांत सापडल्याचं अमेरिकेने जाहीर केलं, तेव्हा आमच्या केमिस्टांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाळ्यांची चित्रं टाकली होती. स्टेरॉईडच्या खिचडी मलमांचा या बुरशीच्या फैलावात हात आहे, असा त्वचारोगतज्ज्ञांचा दाट संशय आहे.

मग बरं होतच नाही का? होतं, पण सावकाश. डॉक्टर खवले खरवडून काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात का बघतात. स्वस्तातली, काही मिनिटांची तपासणी. हल्ली बऱ्याच जणांना इट्राकोनाझोल हे बुरशीवरचं दुसरं औषध देतात. त्याची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची असते आणि तिच्या बरोबरीने ॲसिडिटीची गोळी घेतली तर ती अंगी लागत नाही. हे मी प्रत्येकाला सांगते, कारण आमच्याकडे सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेतल्याशिवाय निम्म्या गावाचा दिवस सुरू होत नाही. साधं बुरशीचं मलम असेल तर दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे लावायचं. हा शेवटचा भाग कुणी पाळत नाही. चट्टा गेला की मलम कपाटात जातं.

आणि घर. एकट्याचं गजकर्ण क्वचितच असतं. एक टॉवेल चौघांत, एकाच बादलीत सगळ्यांचे कपडे, पावसाळ्यात दोरीवर चार दिवस न वाळलेली जीन पँट तशीच अंगात. ज्यांना ज्यांना आहे त्या सगळ्यांनी एकदम औषध घेतलं नाही तर ते घरातल्या घरात फिरत राहतं. कपडे गरम पाण्यात, उलटे करून वाळवायचे, जमलं तर इस्त्री. करदोड्याचं सांगायला मला स्वतःला अवघड जातं, तरी सांगते. कमरेचा काळा करदोडा घामाने कायम ओला राहतो आणि बरोबर त्याच्या रेषेत चट्टे उठतात. बरं होईपर्यंत काढून ठेवा म्हटलं की म्हातारी माणसं माझ्याकडे अशी बघतात, जणू मी जानवं तोडायला सांगितलं. एका मावशींनी मात्र तोड काढली. जुना करदोडा काढून दर शनिवारी नवा बांधायचा. डॉक्टरच्या पुस्तकात हे बसणार नाही, पण काहीच न करण्यापेक्षा बरं.

चिखल्यांचं थोडक्यात. शिराळ्याकडच्या भातलावणीत दिवसभर पाय पाण्यात असतात, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटतात. मेंदी लावतात, लावू द्या. पण संध्याकाळी पाय धुऊन बेचक्या कोरड्या पुसल्याशिवाय मेंदी काय किंवा पावडर काय, कशाचाच उपयोग नाही. मधुमेह असेल तर मात्र मेंदीवर थांबू नका. तिथूनच जंतू शिरून पाय सुजतो.

आता डोळे. 2023 च्या जुलैत आळंदीत साथ सुरू झाली आणि बघता बघता सगळ्या महाराष्ट्रात डोळे आले. आमच्याकडचे काळे गॉगल दोन दिवसांत संपले. लोकांची पक्की समजूत, की डोळे आलेल्याकडे बघितलं की आपलेही येतात. बघून येत नाहीत हो, हात लावून येतात. अशा साथी बऱ्याचदा ॲडिनोव्हायरसच्या असतात आणि तो विषाणू टॉवेलवर, दाराच्या कडीवर, मोबाईलवर बरेच दिवस तग धरतो. अशा साथी जुन्याच आहेत. 1969 मध्ये घानात अशीच एक आली, तेव्हा माणूस नुकताच चंद्रावर उतरला होता, म्हणून लोकांनी तिला अपोलोचा रोग म्हटलं. 1971 मध्ये बंगालमध्ये निर्वासितांच्या लोंढ्यांच्या काळात आली तिचं नाव जय बांगला. तो विषाणू वेगळा होता, हाल तेच. विषाणूने आलेले डोळे एक-दोन आठवड्यांत आपले आपण जातात. थंड पाण्याची पट्टी, वेगळा टॉवेल, सारखे हात धुणं. अँटिबायोटिकच्या थेंबांचा विषाणूवर काही परिणाम नाही.

पण त्या जुलैत मागणी होती ती "लगेच लाली जाणाऱ्या" ड्रॉपची. म्हणजे पुन्हा तेच. अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड एकत्र असलेली बाटली. लाली उतरते, विषाणू डोळ्यात जास्त दिवस मुक्काम करतो. नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिसच्या विषाणूने डोळा लाल झालेला असेल तर हेच थेंब बुबुळावरची जखम पसरवतात. आणि महिनोन्‌महिने घातले तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो, तोही न दुखता. लाल डोळा दुखत असेल, अंधुक दिसत असेल, उजेड सोसत नसेल, तर ते नुसते डोळे आलेले नव्हेत. अशा माणसाला मी काही देत नाही. रिक्षात बसवते.

उसाच्या हंगामात तर हे फारच जपावं लागतं. उसाच्या पातीची कड करवतीसारखी दातेरी असते. ऊस तोडताना, मोळी बांधताना ती सपकन डोळ्याला लागते. बुबुळावर बारीकसा ओरखडा पडतो आणि त्या ओरखड्यातून फ्युसॅरियम, ॲस्परजिलस असल्या मातीतल्या, पाचटावरच्या बुरशी आत शिरतात. पहिल्या दिवशी नुसतं खुपतं, पाणी येतं. दोन-तीन दिवसांनी दुखायला लागतं.

एका डिसेंबरात दुकान बंद करायच्या वेळेला बीडकडून ऊसतोडीला आलेला एक कोयता, म्हणजे नवरा-बायको, दुकानात आला. पंचविशीचा पोरगा, डाव्या डोळ्यावर पंचा दाबून धरलेला. "ताई, ड्रॉप द्या वो, डोळा लई ठणकायलाय." बायकोच्या हातात ड्रॉपची अर्धी बाटली होती, दुसऱ्या गावातनं कुणीतरी आणून दिलेली. लेबल वाचलं. डेक्सामेथासोन होतं. "पयल्या दिशी बरं वाटलं," ती म्हणाली, "काल रातीपासून झोप न्हाई." त्याला पंचा बाजूला घ्यायला सांगितला. डोळा लालभडक, पापणी सुजलेली आणि काळ्या बुबुळाच्या मध्यापासून जरा खाली एक पांढुरका ठिपका. कोरडा, खडबडीत, कडेला पिसासारखे धागे फुटलेला. मी डॉक्टर नाही, पण तो ठिपका एकदा बघितलेला माणूस विसरत नाही. त्यांच्या मुकादमाला फोन लावला. तो आधी म्हणाला, सकाळी बघू, उद्या गाडी भरायची आहे. मग आमच्या यांनी फोन हातात घेतला आणि मुकादमाला समजेल अशा भाषेत बोलले. रात्रीच मिरजेला गेले.

पुढचं मला त्याच्या बायकोकडून कळलं. डोळा बधिर करून बुबुळावरची जखम बारीक पात्याने खरवडली, काचेवर घेतली, थेंब टाकून बघितलं. गजकर्णाला जो थेंब लागतो तोच. धागे दिसले. स्टेरॉईड बंद आणि नाटामायसिन सुरू, दर तासाला एक थेंब, रात्रीसुद्धा. नाटामायसिन हे बुरशीवरचं पांढरं, दुधासारखं औषध. ठेवलं की खाली साका बसतो, दर वेळी बाटली हलवावी लागते आणि पापणीच्या कडेला चुन्यासारखा थर साचतो. घाण वाटतो, पण औषधच ते. गंमत म्हणजे हे औषध निघालं दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातल्या मातीतून, एका जिवाणूपासून, 1950 च्या दशकात, आणि परदेशात चीजला बुरशी लागू नये म्हणूनही तेच वापरतात. तमिळनाडूतल्या अरविंद रुग्णालयांत त्याची तुलना व्होरिकोनाझोलशी केली होती. महागडं नवं औषध हरलं. तो निकाल 2013 चा आहे.

उसाच्या फडाशेजारच्या कोपीत रात्रभर दर तासाला थेंब घालायचे म्हणजे काय, ते जरा डोळ्यापुढे आणा. वीज नाही. बायको पहाटे चारला फडात जाणार. तिने मोबाईलला गजर लावून ठेवले होते आणि तो वाजला की अंधारात चाचपडत बाटली हलवायची. ही माहिती ती मला पुढची बाटली न्यायला आली तेव्हा सहज सांगत होती, कौतुक करून घ्यायला नव्हे. कित्येक आठवडे चाललं. डोळा वाचला. बुबुळावर फूल राहिलं, त्या डोळ्याने धूसर दिसतं. दोघांनी आगाऊ उचल घेतलेली होती, ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा आले. आता तो तोडत नाही, मोळ्या बांधतो. डोळ्याला गॉगल अजून लावत नाही. घामाने काच धुरकटते, म्हणतो.

नेपाळमधल्या भक्तपूरचा एक प्रयोग मला फार आवडतो. तिथे गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवलं: डोळ्याला लागलेलं कुणी आलं की नारिंगी कागदाची पट्टी टेकवून निळ्या उजेडात बघायचं. ओरखडा असेल तर हिरवा चमकतो. असेल तर क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस. लागल्यापासून 18 तासांच्या आत मलम मिळालेल्या एकाचीही जखम चिघळली नाही. 2001 मध्ये ते छापून आलं. आपल्याकडे आशाताई आहेत, ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी आहेत, कारखान्याकडे प्रत्येक टोळीची यादी आहे. एवढी पट्टी आणि मलम हंगामापुरतं टोळीपर्यंत का पोचू नये, हे मला कुणी समजावून सांगितलं तर बरं होईल. तोवर कोपीवर डोळ्यात मध, एरंडेल, बाळंतिणीचं दूध असं काय काय जातच राहणार.

2021 च्या मे-जूनमध्ये याच सगळ्याचं फार भयंकर रूप बघितलं. कोविड, वाढलेली साखर आणि त्यावर स्टेरॉईड. स्टेरॉईडने तेव्हा असंख्य माणसं वाचवली, हे विसरून चालणार नाही. पण ज्यांची साखर कुणी बघत नव्हतं त्यांच्या नाकातून डोळ्यात म्युकर ही बुरशी चढली. त्यावरच्या अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी लोक आम्हाला रडत फोन करायचे आणि ती तर जिल्ह्याच्या कोट्यातून फक्त हॉस्पिटलला मिळत होती. त्यावर मला आज जास्त लिहिता येणार नाही.

म्हणून स्टेरॉईड हे विष आहे असं कुणी लिहिलं की मला पटत नाही. इसबाला, सोरायसिसला, डोळ्याच्या कितीतरी आजारांना, ऑपरेशननंतर ते लागतंच. माझ्याकडेही कपाटात आहे, चिठ्ठी बघून देते. माझं भांडण फक्त आत जिवंत बुरशी किंवा विषाणू असताना, काय आहे ते न बघता ते चोपडण्याशी आहे.

दसऱ्याच्या सुमारास मी नाटामायसिनच्या थोड्या बाटल्या मागवून ठेवते. मिरजेहून चिठ्ठी घेऊन परतलेल्या माणसाला पुढच्या बाटलीसाठी पुन्हा मिरज नको. एखादी बाटली मुदत संपून फेकावी लागते, ती आमचे हे तोट्याच्या वहीत लिहून ठेवतात आणि काही बोलत नाहीत. घाऊकवाल्याचा पोरगा ऑर्डर घेताना दर वेळी खिचडी ट्यूबची स्कीम सांगतो, दहावर दोन फ्री. नाटामायसिनवर काय स्कीम आहे रे, असं मी त्याला दर वेळी विचारते. तो हसतो आणि पुढची ओळ लिहायला घेतो.